आग्नेयेचा ओटा

गाडीला आग्नेय कोपरा असतो, हे उभा जन्म भूगोल शिकवूनही मला ठाऊक नव्हतं. ते मला शेजारच्या अजिनाथरावांनी सांगितलं. त्या कोपऱ्यात नेमका ड्रायव्हर बसतो, ही अडचणही त्यांनीच शोधून काढली.

गाडी म्हणजे एक पिवळी व्हॅन. संगमनेरची मुलं शाळेत ने-आण करून ती थकली होती, मीही मुलांना शिकवून निवृत्त झालो होतो, तेव्हा आमचं जमण्यासारखं होतं. तिचं चाकांवरचं घर करायचं आणि मी व माझी पत्नी माधुरी, दोघांनी कोकणच्या किनाऱ्याने हिंडत जायचं, असा बेत. परदेशात अशा गाडीला कॅम्परव्हॅन म्हणतात. मोबाईलवर त्यांचे व्हिडिओ पाहून पाहून माझं असं मत झालं, की त्या लोकांना गाडी अजून पुरती जमलेली नाही. त्यांची ती चालू पिढीची गाडी. पुढच्या पिढीची गाडी कशी असावी याचा मुळापासून विचार कोणीतरी करायला हवा, आणि निवृत्त माणसाइतकी सवड दुसऱ्या कोणाला असणार?

माधुरीने बेत ऐकून घेतला. माझ्या नोकरीतल्या सुट्ट्या जनगणना, निवडणूक आणि पेपरतपासणी यांनी वाटून खाल्ल्या होत्या. तिच्या वाट्याला प्रवास आला तो शाळेच्या सहलींचा, तोही मुलांच्या पुऱ्या लाटायला घरचं माणूस हवं म्हणून. ती मेथी निवडता निवडता म्हणाली, "एक मोठी खिडकी ठेवा. आणि संक्रांत झाली की निघायचं. नाही निघालो तर मी शुभांगीबरोबर बसने जाते. तिने माझी जागा धरून ठेवलीय."

शुभांगी म्हणजे तिची कोपरगावची बहीण. हे वाक्य माधुरी रागाने बोलली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या माणसाला अजून आशा असते. ती अगदी शांतपणे, मेथीच्या काड्या बाजूला सारत बोलली. मी तिथेच ठरवलं, की या संक्रांतीला काहीही झालं तरी निघायचं. खिडकीचं काय, खिडकी कोणीही ठेवील. मी मूलभूत विचाराकडे वळलो.

दर रविवारी सकाळी कॉलनीतली मुलं माझ्याकडे भूगोल शिकायला येतात. फी नाही, परीक्षा नाही, त्यामुळे त्यांना भूगोल येतो. कोणतीही गोष्ट मुलांना शिकवायची तर ती खऱ्या आकारात दाखवावी, असं माझं जुनं तत्त्व आहे. (याच तत्त्वापायी मी एकदा शाळेच्या मैदानात प्रवरा नदी खणली होती आणि मुख्याध्यापक तीत पडले होते. तो विषय वेगळा.) तेव्हा कॉलनीतल्या मोकळ्या प्लॉटवर मी चुन्याची फक्की टाकून व्हॅन आखली, तोंड पूर्वेला, आणि मुलांना विचारलं, पुढच्या पिढीची गाडी कशी असावी?

मुलांना विचारलं की ती सांगतात, ही त्यांच्यातली आणि मोठ्यांच्यातली मुख्य तफावत. मोठी माणसं न विचारता सांगतात. सातवीतली संस्कृती म्हणाली, गाडीच्या भिंती टेबलाच्या खणासारख्या बाहेर सरकाव्यात, म्हणजे उभी राहिली की घर मोठं. समर्थचं म्हणणं पडलं की चाकं पोटात घेऊन तिची नाव व्हावी. एका चिमुरडीने गाडीला शेपूट सुचवलं, मागे घेताना भिंत लागली की कळावं म्हणून. आणि एकाने सांगितलं की गाडीने स्वतःच खिडकीतून तोंड काढून लोकांना पत्ता विचारावा, कारण त्याचे पप्पा विचारत नाहीत. मी भारावून ऐकत होतो. इतक्यात अजिनाथराव आले.

अजिनाथराव साखर कारखान्याच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. नोकरीत त्यांनी भिंती बांधल्या आणि निवृत्तीनंतर ते लोकांच्या भिंती पाडतात, वास्तुशास्त्राप्रमाणे. त्यांच्या सल्ल्याने आमच्या कॉलनीतले दोन जिने आणि एक लग्न पुढे सरकलं आहे. ते फक्कीच्या रेघेबाहेर चपला काढून व्हॅनमध्ये आले. चारही कोपऱ्यांत उभे राहिले, डोळे मिटले, उघडले, आणि म्हणाले, "सर, स्वयंपाकघर कुठे घेतलंय?"

मी म्हटलं, अजून घेतलेलं नाही.

"आग्नेयेला घ्या. अग्नीचा कोपरा." त्यांनी बोट दाखवलं. गाडीचं तोंड पूर्वेला, म्हणजे उजव्या हाताचा पुढचा कोपरा आग्नेय. तिथे त्या वेळी ड्रायव्हर म्हणून संस्कृती बसली होती. पुढच्या डाव्या कोपऱ्यात, म्हणजे ईशान्येला, देवघर यायला हवं होतं. ती माधुरीची जागा. अजिनाथरावांनी बराच वेळ विचार करून निवाडा दिला, की इंजिन हाही अग्नीच आहे, तेव्हा ड्रायव्हरला ते तिथे बसू देतील. पण ओटा त्याच्या पाठीला लागून, उजव्या भिंतीला हवा. आणि वहिनींनी मागे बसावं.

माझा वास्तुशास्त्रावर विश्वास नाही. शेजाऱ्यावर मात्र आहे. नळाला पाणी नसलं की त्यांच्याच बोअरवर आमची टाकी भरते. मी मान डोलावली.

मग मी एक चूक केली, म्हणजे शिक्षकाला शोभेल अशीच केली. फक्कीच्या रेघेवर मुलांच्या हातांत दोरी देऊन मी गाडी उभी केली, प्रत्येक मुलाला एकेक जागा दिली. समर्थ ओटा झाला, त्याच्या डोक्यावर पातेलं. देवघरासाठी दोघांत भांडण झालं, मी दोन देव केले. आणि मोठ्याने म्हटलं, "चला, गाडी निघाली कोपरगावला."

संस्कृतीने तोंडाने हॉर्न वाजवला आणि दोरीसकट सगळी गाडी डावीकडे वळून उत्तरेला लागली. देवघर वायव्येला गेलं. ओटा डोक्यावरचं पातेलं सांभाळत थेट ईशान्येत जाऊन उभा राहिला.

अजिनाथराव कडेच्या दगडावर मटकन बसले. "ईशान्य म्हणजे पाण्याचं घर, त्यात अग्नी," ते पुटपुटले. "सर, गाडी वळली की सगळं वळतंय."

मी समजावू लागलो, की त्याला काही उपाय नाही. तेवढ्यात संस्कृती म्हणाली, "पण सर, आपण वळलो तरी दिशा वळत नाहीत, हे तर तुम्ही आम्हाला पाचवीतच शिकवलंय." उगवत्या सूर्याकडे तोंड करा, डावा हात उत्तर, उजवा हात दक्षिण. हे मी किती पिढ्यांना शिकवलं आणि स्वतः मात्र दिशा खिळ्याने ठोकून ठेवायला निघालो होतो. मुलांसमोर मला चष्मा पुसावा लागला.

यावर दोन उपाय निघाले. पहिला माझा. तो खरा पुढच्या पिढीचा होता. खालची गाडी कुठेही वळो, वरचं घर एका मोठ्या फिरत्या तबकडीवर बसवायचं आणि ते सदैव पूर्वेकडे तोंड करून राहील. असं घर अजून जगात कोणी केलं नसावं. मी तो आराखडा घेऊन पंकजकडे गेलो. पंकज माझा जुना विद्यार्थी, आता त्याचं गाड्यांच्या बॉडी बिल्डिंगचं वर्कशॉप आहे. त्याने आराखडा सरळ धरून पाहिला, आडवा धरून पाहिला. मग अदबीने म्हणाला, "होईल सर. फक्त मग चाकांना जागा उरणार नाही."

दुसरा उपाय अजिनाथरावांचा. चालती गाडी ही वास्तू नव्हे, थांबली की वास्तू. तेव्हा कुठेही थांबताना तोंड पूर्वेला करून थांबायचं. मी विचारलं, सिग्नलला? ते म्हणाले, सिग्नलला स्वयंपाक करणार आहात का?

आता ओटा. तोपर्यंत तो प्लायवुडचा, घडीचा, भिंतीला टेकणारा असा होता. पण सकाळी दूध घालायला साळूबाई आल्या. त्यांनी वर्कशॉपमधून आलेला तो नमुना बोटाने वाजवला आणि नाक मुरडलं. "गुरुजी, ह्याला पानी लागलं की फुगतंय पापडावानी. वटा कडप्प्याचाच पायजे. माजा बगा, सासूच्या टायमाचा हाय, अजून हाल्ला न्हाई."

मी म्हटलं, तुमचा घरात आहे. हा गाडीत जायचा.

"मंग गाडीत काय बाईमानसानं मांडीवर भाकरी थापायच्या व्हय?"

साळूबाईंनी ही गोष्ट दुधाबरोबर घरोघर वाटली आणि दुपारपर्यंत कॉलनीतल्या सगळ्या बायका व्हॅनभोवती जमल्या. माधुरीताईंच्या स्वयंपाकाची आबाळ होता कामा नये, यावर एकमत झालं. कॉलनीत एकमत होण्याची ती पहिलीच वेळ असल्यामुळे ते मोडायला कोणी धजेना. कडप्पा ठरला. कडप्प्याखाली लोखंडी चौकट ठरली. भाकरी थापायला उंची किती, पोळी लाटायला किती, यावर दोन गट पडले, म्हणून दोन्ही उंच्यांचे दोन भाग झाले. पिठाचा डबा आला, मिसळणाचा डबा आला, कोणीतरी जड खलबत्ता दिला. उडालेल्या फोडणीने पत्रा खराब होईल म्हणून ओट्याच्या मागच्या भिंतीला फरशा बसवायचं ठरलं. त्या भिंतीत पंकजने एक लांबरुंद सरकती काच आधीच बसवली होती. फरशांची फळी तिच्यावर आली.

मी माधुरीला विचारलं, चालेल ना? ती ओट्याकडे पाहत होती. म्हणाली, "सगळ्यांनी इतकं केलंय." मी याचा अर्थ होकार असा घेतला. विद्यार्थी फळ्याकडे पाहतोय म्हणजे त्याला समजतंय, असं समजणाऱ्या शिक्षकाकडून दुसरी अपेक्षा नव्हती.

पौष उजाडला. मोटार वाहन कार्यालयात गेलो, तर तिथल्या साहेबांनी फार सौजन्याने विचारलं, ही गाडी आहे की घर? मी म्हटलं, दोन्ही. ते म्हणाले, दोन्हीसाठी रकाना नाही. पिवळी शाळेची गाडी खासगी करून देता येईल, त्याला हरकत नाही. पण आत काही पक्कं बसवायचं तर रीतसर परवानगी, नकाशा, तपासणी, आणि त्यात उन्हाळा उजाडेल. मला डोळ्यांपुढे शुभांगीची बस दिसू लागली. माझा चेहरा पाहून साहेबांनीच वाट सुचवली, की ओटा पक्का करू नका, चार बोल्टवर ठेवा, म्हणजे तो सामान होईल. फक्त सामानासकट वजन किती होतं ते काट्यावर पाहून या.

जानेवारीत आमच्याकडे वजनकाटा म्हणजे साखर कारखान्याचा. अजिनाथरावांनी जुनी ओळख काढली आणि मी व्हॅन घेऊन गेलो. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागे उसाची बैलगाडी, मध्ये आम्ही. त्या रांगेत एकदा शिरलं की बाहेर पडता येत नाही, मागचे बैल ऐकत नाहीत. सकाळी गेलो तो दुपार टळली. मागच्या गाडीचे बैल उघड्या दारातून आमच्या मागच्या सीटचं रेक्झिन चाटून पाहत होते. शेवटी काट्यावर चढलो. काट्यावरच्या माणसाने मान वर न करता विचारलं, वाण कुठलं? मी म्हटलं, कडप्पा. त्याने ते लिहून घेतलं.

दुसऱ्या दिवशी मोटार वाहन कार्यालयातले साहेब ती पावती वाचून म्हणाले, "सर, यात तुम्ही ऊस आहात." मग वजनाचा आकडा वाचला आणि त्यांचं हसू मावळलं. नियमात बसतंय, म्हणाले, पण जेमतेम. घाटात जपून जा.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. निघालो, याचाच मला इतका आनंद झाला होता की मी कॉलनीतून दोनदा हॉर्न वाजवला. मुलं फाटकापर्यंत धावत आली. अजिनाथरावांनी नारळ फोडला आणि खिडकीशी येऊन आठवण दिली, थांबताना पूर्व. साळूबाईंनी बाजरीचं पीठ दिलं. माधुरी मागे बसली होती, कारण पुढे देव होते. आरशात मला तिचा चेहरा दिसत होता, तिच्या उजवीकडे फरशा. वाटेत मी सांगत होतो, हे बघ डोंगर, हे बघ डाळिंबाची बाग. ती म्हणाली, "तुम्ही सांगा, मी ऐकते."

चंदनापुरीच्या घाटात व्हॅनने तिसऱ्या गिअरमध्ये खोकायला सुरुवात केली, दुसऱ्यात कण्हायला. पहिल्यात ती थांबली. मी हँडब्रेक ओढला, तरी ती मागे सरकायला लागली, कारण ओट्याला उताराची ओढ लागली होती. मागून येणाऱ्या टेम्पोवाल्याने उतरून चाकाला दगड लावला. बॉनेटमधून वाफ येत होती.

थोडं वर, डाव्या हाताला, एक चहाची टपरी होती. चार-सहा ड्रायव्हर चहा सोडून आले आणि आत डोकावले. त्यांतल्या एकाने माझ्या वयाचा मान राखून विचारलं, "बाबा, घर बदलताय का?"

मी म्हणालो, इंजिन निवलं की जाईल गाडी. ते म्हणाले, जाईल, पण खाली. वर जायचं तर हा दगुड उतरवा. मी म्हणालो, ते शक्य नाही, तो सगळ्या कॉलनीने दिलेला आहे. इंजिन निवेपर्यंत थांबू, नाहीतर परत जाऊ, पंकजकडून दुसरं काही करून घेऊ, आठवड्यात पुन्हा निघू. हे बोलताना माझाच आवाज मला ओळखीचा वाटला. सुट्टी रद्द झाली की याच आवाजात मी घरी सांगत असे.

माधुरी खाली उतरली होती. ती वाफेकडे पाहत होती, माझ्याकडे नाही.

"अहो," ती म्हणाली, "मी खिडकी मागितली होती. ओटा तुम्ही सगळ्यांनी मागितला."

मी म्हटलं, अगं पण स्वयंपाकाची सोय...

"ती सोय माझ्याबरोबर सगळीकडे आलीय. महाबळेश्वरला आली, वेरूळला आली. वेरूळला लेणी बघून मुलं परत आली तेव्हा माझ्या पुऱ्या तळून होत होत्या. ते कैलास लेणं खरंच एका दगडातलं आहे का हो?"

आहे, असं मी म्हणालो. ते मी तिच्याखेरीज सगळ्यांना दाखवलं होतं.

टेम्पोवाल्याकडे पाना होता. साहेबांच्या कृपेने चारच बोल्ट होते. ड्रायव्हर लोकांनी जोर लावून ओटा उतरवला, उंच भाग, सखल भाग, चौकट. फरशांची फळी निघाली आणि तिच्यामागची काच उघडी पडली. गाडीत इतका उजेड होता, हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. माधुरी आत जाऊन त्या काचेपाशी बसली. तिला पुढे बसता यावं म्हणून मी देवघर उचलून मागच्या सीटवर ठेवायला निघालो, तर ती म्हणाली, राहू द्या, देवांना पुढे बसायला मिळतंय तर बसू द्या.

हलकी झालेली गाडी निमूट चढली. टपरीशी येऊन मी डावीकडे वळवून आवारात उभी केली आणि उतरलो. सवयीने सूर्य पाहिला. गाडीचं तोंड बरोबर पूर्वेला होतं. पहिल्यांदाच न ठरवता साधलं होतं, आणि आत आग्नेयेला ठेवायला काही उरलं नव्हतं. अजिनाथरावांना हे कसं सांगावं याचा विचार करत मी बाकावर बसलो. साळूबाईंना तर सांगणंच शक्य नव्हतं.

टपरी राहीबाई नावाच्या आजींची होती. गाडीच्या उजव्या अंगाला, खिडकीसमोरच त्यांचा स्टोव्ह चार विटांवर लटपटत होता. मी म्हटलं, आजी, हा ओटा ठेवून घ्या, आमच्याच्याने नेववत नाही. त्यांनी कडप्प्यावरून हात फिरवला. साळूबाईंनी फिरवला असता तसाच.

"लई चांगला हाय की. पर तुमाला लागंल न्हवं?"

"आम्हाला चहा लागेल," माधुरी खिडकीतून म्हणाली.

ड्रायव्हर लोकांनी ओटा पुन्हा उचलला. चहाची वेळ टळून गेली होती, पण कोणाची तक्रार नव्हती. ओटा हातांवर तोललेला, आणि राहीबाई माझ्याकडे वळल्या. बहुधा माझ्या चष्म्यामुळे.

"गुरुजी, कंच्या दिशेला मांडू ह्यो?"

मी उभा राहिलो. आयुष्यभर हा प्रश्न मी लोकांना विचारत आलो होतो. उगवतीकडे तोंड केलं, उजवा हात दक्षिणेला लांब केला, आणि आग्नेय दाखवणार एवढ्यात काचेवर टकटक झाली. माधुरीने खिडकी सरकवून हात बाहेर काढला होता.

"जिथून चहा लवकर येईल, तिथे मांडा," ती म्हणाली.

ओटा खिडकीखाली मांडला. ती कोणती दिशा, हे मी पाहिलं नाही.